टिपणांची कीर्द आणि खतावणी

अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी जे प्राचीन शिवमंदिर उभे आहे, त्याच्या उत्तरेकडील द्वारावरील तुळईवर एक लहानसा शिलालेख कोरलेला आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मम्मुणी राजाच्या काळचा हा लेख होय. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला, तेव्हा त्यांनी त्यातील शक ७८२ असा लावला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला व तो शक ७८२ नसून ९८२ आहे असे दाखवून दिले. एका अंकाचा फरक. परंतु त्या एका अंकाने मंदिराचा काळ इ.स. ८६० वरून इ.स. १०६० वर, म्हणजे दोनशे वर्षे अलीकडे आला.

भाऊ दाजी हे सामान्य वाचक नव्हते. प्राचीन लेखांच्या अभ्यासात त्यांची योग्यता मोठी होती. तेव्हा या प्रसंगातून बोध घ्यावयाचा तो कोणाच्या चुकीचा नव्हे. चूक सर्वांच्याच हातून होते. ती दुरुस्त कशामुळे होऊ शकली, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. मूळ लेख जागेवर शाबूत होता. पहिल्या अभ्यासकाने आपण काय वाचले हे स्पष्ट लिहून प्रसिद्ध केले होते. म्हणून दुसऱ्यास ते मुळाशी ताडून पाहता आले. भाऊ दाजींनी केवळ ‘हे मंदिर फार जुने आहे’ एवढेच लिहून ठेवले असते, तर त्यात दुरुस्त करण्याजोगे काहीच उरले नसते.

चांगल्या टिपणाची कसोटी हीच होय. जे टिपण दुसऱ्यास तपासता येते आणि स्वतःस हवे तेव्हा सापडते, तेच टिपण. बाकी सारे कागद.

शिक्षकास टिपणांची गरज काय

ग्रामीण शिक्षकास लेखनाचे प्रसंग वारंवार येतात. गावाची माहिती लिहावयाची असते, परिसर अभ्यासाचा पाठ तयार करावयाचा असतो, केंद्रसंमेलनात निबंध वाचावयाचा असतो, मुलांसाठी एखादी गोष्ट किंवा नाट्यप्रवेश रचावयाचा असतो. अशा वेळी कागद पुढे घेऊन बसल्यावर पुष्कळांस असा अनुभव येतो की, सुचलेले तर बरेच होते, पण आता काही आठवत नाही. वाटेने चालताना मनात आलेला चांगला विचार, शेताच्या बांधावर एखाद्या आजोबांनी सांगितलेली हकीकत, वर्गात एखाद्या मुलीने विचारलेला मार्मिक प्रश्न, हे सारे त्या क्षणी इतके स्पष्ट असते की ते लिहून ठेवण्याची आवश्यकताच वाटत नाही. आठ दिवसांनी त्याची केवळ सावली उरते.

लेखनाच्या शिस्तीचा विचार आपल्याकडे नवा नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेच्या निरूपणास दिला आहे. आपल्या जुन्या व्यापाऱ्यांनीही एक उत्तम रीत घालून दिली आहे. दुकानदार दिवसभरात जो व्यवहार होईल तो झाल्या क्रमाने कीर्दीत लिहितो. त्या वेळी तो खाती पाहत बसत नाही, कारण गिऱ्हाईक समोर उभे असते. मग सवडीने तो कीर्दीतील प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत नेतो. कीर्द नसेल तर व्यवहार विसरतो. खतावणी नसेल तर कोणाकडे किती येणे आहे हे कळत नाही. टिपणांचेही अगदी असेच आहे. पुष्कळ शिक्षक कीर्द लिहितात, म्हणजे वहीत काहीतरी नोंदवतात; पण खतावणी करीत नाहीत, आणि मग ती वही पेटीच्या तळाशी पडून राहते.

कीर्द : टिपण कसे घ्यावे

टिपणवही खिशात मावेल एवढी लहान असावी. ती नेहमी जवळ असावी. मोठी सुबक वही घरी कपाटात असण्यापेक्षा अर्ध्या कागदांची शिवलेली चोपडी खिशात असणे बरे. सुचलेली किंवा ऐकलेली गोष्ट त्याच वेळी, निदान त्याच दिवशी दिवेलागणीपूर्वी लिहावी. अक्षर घाईचे असले तरी चालेल. पण ते महिन्यानंतर आपल्यास वाचता आले पाहिजे.

प्रत्येक टिपणात पुढील गोष्टी अवश्य असाव्यात : विषय, ठिकाण, वर्षासह दिनांक, आणि माहिती कोठून मिळाली ते. पुस्तकातून घेतली असेल तर पुस्तकाचे नाव व पृष्ठ. माणसाकडून मिळाली असेल तर त्याचे नाव, गाव व सुमारे वय.

याहूनही महत्त्वाचा एक नियम आहे. पाहिलेले, ऐकलेले आणि वाटलेले ही तीन निरनिराळी लिहावीत. ती एकमेकांत मिसळली की मागाहून वेगळी करता येत नाहीत. पुढील नमुना पाहावा.

*विषय :* शिवमंदिर, गाभारा
*ठिकाण व दिनांक :* अंबरनाथ, दि. १२-१-२०२५, सकाळी ९
*पाहिले :* मंडपातून गाभाऱ्यात जाण्यास पायऱ्या उतराव्या लागतात. गाभाऱ्याची जमीन मंडपाहून बरीच खाली. शिखराचा वरचा भाग नाही. आत उभे राहून वर पाहिल्यास आकाश दिसते.
*ऐकले :* पांडवांनी हे मंदिर एका रात्रीत बांधले, उजाडल्यामुळे काम अपुरे राहिले. (दर्शनास आलेले एक वृद्ध गृहस्थ, वय सुमारे ७५.)
*वाटले :* शिखर मुळातच अपुरे राहिले, की मागाहून पडले? शोध घेणे.

आता हेच टिपण एखाद्याने असे लिहिले असते : ‘मंदिर पांडवकालीन आहे. शिखर अपुरे आहे. गाभारा खोल आहे.’ वाक्ये तीनच. पण त्यांत डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, लोककथा आणि तर्क यांची सरमिसळ झाली आहे. अशा टिपणावरून पाठ घेणारा शिक्षक मुलांना लोककथा इतिहास म्हणून शिकवील, आणि तुळईवरील लेख मात्र इ.स. १०६० सांगत राहील.

याचा अर्थ लोककथा टाकाऊ आहे असा मुळीच नव्हे. बदलापूर हे नाव तेथे घोडे बदलण्याची जागा होती म्हणून पडले, असे लोक सांगतात. ही कथा जरूर टिपावी. ती लोकांची ठेव आहे. मात्र ती ‘ऐकले’ या सदरात टिपावी. तेथे तिचे मोल पूर्ण आहे. ‘पाहिले’ या सदरात नेली तर ते मोल नष्ट होते.

बोललेले तसेच लिहावे

माणसांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट टिपताना शिक्षकाच्या हातून एक विशेष दोष घडतो. तो दोष त्याच्या व्यवसायातूनच येतो : तो भाषा शुद्ध करतो. आगरी, कातकरी किंवा ठाकर वृद्धेने सांगितलेले वाक्य तो नकळत ग्रांथिक मराठीत उतरवतो. अर्थ राहतो, परंतु शब्द जातो. आणि पुष्कळदा तो शब्दच त्या माहितीतील अमोल भाग असतो.

या बाबतीत साने गुरुजींचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते स्वतः शिक्षक होते. स्त्रियांच्या तोंडच्या ओव्या त्यांनी मोठ्या प्रेमाने गोळा केल्या व ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात त्या विषयवार लावून प्रसिद्ध केल्या. पुढील काळात हेमा राईरकर व गी पॉयतवाँ यांनी ग्रामीण स्त्रियांच्या साहाय्याने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित केल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती मुकी झाली आणि ओवी म्हणण्याचा प्रसंगच संपला. जिने ती ओवी आईकडून ऐकली होती, तिच्याबरोबर ती जाणार होती. कोणी तरी वेळेवर लिहून घेतली म्हणून ती राहिली.

शिक्षकाने अशी माहिती घेताना प्रथम सांगणाऱ्याची अनुमती घ्यावी, शब्द जसाच्या तसा लिहावा, अर्थ शेजारी कंसात द्यावा, आणि लिहिलेले त्या व्यक्तीस वाचून दाखवावे. ‘आजी, हे असेच ना?’ असे विचारल्यावर बहुधा एखादी चूक दुरुस्त होते आणि दोन नव्या गोष्टी मिळतात.

खतावणी : टिपणे कशी लावावीत

आठवड्यातून एक दिवस, शक्यतो ठरलेला, खतावणीसाठी राखून ठेवावा. टिपणवहीतील नोंदी त्या दिवशी सुट्या चिठ्ठ्यांवर उतरवाव्यात. येथे एकच नियम कटाक्षाने पाळावा : एका चिठ्ठीवर एकच बाब. एका कागदावर चार बाबी असल्या तर तो कागद एकाच ठिकाणी ठेवता येतो, आणि उरलेल्या तीन बाबी हरवतात.

या साध्या नियमावर केवढे कार्य उभे राहते हे पाहावयाचे असेल, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृत कोशाकडे पाहावे. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली हे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार संस्कृत ग्रंथ वाचून अभ्यासकांनी शब्द वेचले. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथातील त्याचे स्थान लिहिले. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमल्या व त्या वर्णानुक्रमाने कप्प्यांत लावल्या गेल्या. कोशाचा पहिला भाग १९७६ साली बाहेर पडला. ज्यांनी आरंभीच्या चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांच्या नंतरच्या पिढ्यांनी त्या वापरल्या. त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नव्हत्या, म्हणूनच हे होऊ शकले.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुने कागद मिळविले व ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे खंड प्रसिद्ध केले. १९२६ साली ते धुळे येथे निवर्तले. त्यांनी जमविलेली साधने तेथील राजवाडे संशोधन मंडळाने जतन केली आणि त्यांचे शब्दविषयक कार्य कोशांच्या रूपाने त्यांच्या पश्चात प्रकाशात आले. माणूस गेला तरी नीट ठेवलेले टिपण काम करीत राहते.

खेड्यातील शाळेस कोटी चिठ्ठ्यांची गरज नाही व कपाटांचीही नाही. पाठकोऱ्या कागदाचे चार तुकडे केले म्हणजे चिठ्ठ्या होतात. खडूचे रिकामे खोके त्या उभ्या ठेवण्यास पुरते. मध्ये जाड पुठ्ठ्याचे तुकडे घालून त्यांवर खात्यांची नावे लिहावीत. आरंभी पाच-सहा खाती पुरेत : गावाचा इतिहास, शब्द व म्हणी, गाणी व कथा, शेती व पाऊसपाणी, मुलांचे प्रश्न, आणि स्वतःस सुचलेले विचार. एखाद्या खात्यात चाळीस-पन्नास चिठ्ठ्या झाल्या की त्याचे दोन पोटभाग करावेत. प्रथमच पन्नास खाती काढून बसू नये. रिकाम्या खात्यांची व्यवस्था करण्यातच उत्साह संपतो.

एक चिठ्ठी दोन खात्यांत बसेल असे वाटल्यास मूळ चिठ्ठी एका ठिकाणी ठेवावी आणि दुसऱ्या ठिकाणी ‘पाहा : अमुक खाते, चिठ्ठी क्रमांक अमुक’ एवढे लिहिलेला तुकडा ठेवावा. चिठ्ठ्यांना क्रमांक देण्याचा खरा उपयोग हाच. मूळ टिपणवह्या मात्र फाडू नयेत. त्यांवरही क्रमांक व कालावधी घालून त्या जपाव्यात, कारण चिठ्ठी उतरवताना चूक झाली तर कीर्दीकडेच परत जावे लागते.

शेजारी ठेवलेल्या चिठ्ठ्या बोलू लागतात

टिपणे लावण्याचा लाभ केवळ ती सापडण्यापुरता नाही. दोन टिपणे शेजारी आली म्हणजे जे एकट्या टिपणात दिसत नव्हते ते दिसू लागते. पुन्हा अंबरनाथचेच उदाहरण घ्यावे. मम्मुणी हा छित्तराजाचा धाकटा भाऊ. छित्तराजाचा भांडुप येथील ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इ.स. १०२६ चा आहे. आता एका चिठ्ठीवर ‘छित्तराज, शके ९४८’ आणि दुसरीवर ‘धाकटा भाऊ मम्मुणी, शके ७८२’ असे लिहून त्या कालक्रमाने मांडल्या, तर धाकटा भाऊ थोरल्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी राज्य करतो असे दिसेल. कोणतीही विद्वत्ता नसलेल्या वाचकासही येथे काही चुकले आहे हे कळेल. ९८२ हा अंक घातला की दोन्ही भाऊ आपापल्या जागी बसतात.

शाळेच्या परिसरातही असेच घडते. पुराविषयी तीन वृद्धांनी तीन वेळा सांगितलेले तीन चिठ्ठ्यांवर असेल, तर २००५ सालच्या जुलैतील उल्हास नदीच्या पुराचे पाणी कोणत्या घरापर्यंत आले होते याविषयी त्यांचे एकमत कोठे आहे व मतभेद कोठे आहे हे लगेच ध्यानात येते. मतभेद आढळल्यास एक विधान फाडून टाकू नये. दोन्ही ठेवावीत व चौथ्यास विचारावे.

टिपणांवरून लेख

लेख लिहावयाचा झाला म्हणजे त्या खात्यातील चिठ्ठ्या काढून सतरंजीवर पसराव्यात. प्रथम सर्व वाचाव्यात. मग ‘या लेखात वाचकास कोणती एक गोष्ट सांगावयाची आहे?’ असा प्रश्न स्वतःस विचारून त्याचे उत्तर एका वाक्यात लिहावे व ती चिठ्ठी सर्वांत वर ठेवावी. ज्या चिठ्ठ्या त्या वाक्यास साहाय्य करीत नाहीत त्या, कितीही आवडत्या असल्या तरी, खोक्यात परत ठेवाव्यात. मिळविलेली सर्व माहिती एकाच लेखात कोंबण्याचा मोह हा परिश्रमी लेखकाचा मुख्य शत्रू होय.

उरलेल्या चिठ्ठ्यांचा क्रम लावावा. क्रम लावताना मध्येच रिकामी जागा दिसते. उदाहरणार्थ, मंदिरावरील लेखासाठी राजा, काळ, गाभारा, महाशिवरात्रीची जत्रा यांच्या चिठ्ठ्या आहेत. पण दगडाविषयी एकही नाही. तेव्हा लेख थांबवून पुन्हा जावे व पाहून यावे. ही उणीव लेख छापल्यावर लक्षात येण्यापेक्षा सतरंजीवर लक्षात आलेली बरी.

वर्गासाठी पाठ

इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलांना हे काम उत्तम साधते. परिसरातील मंदिर, विहीर, बाजार किंवा नदीकाठ यांपैकी एक स्थळ निवडावे. निघण्यापूर्वी मुलांचे गट पाडून प्रत्येक गटास एकच विषय द्यावा : एका गटाने मोजमाप, एकाने रेखाचित्र, एकाने लोकांकडून माहिती. १८६८ साली अंबरनाथच्या मंदिराची रेखाचित्रे व ठसे घेण्याचे काम मुंबईच्या कलाशाळेतील मंडळींनी केले होते, ही गोष्ट मुलांना आधी सांगावी. आपण करतो आहोत ते खरे काम आहे हे त्यांस कळावे. मंदिर हे संरक्षित स्मारक आहे. कोरीव कामावर हात फिरवणे, खडू लावणे किंवा कागद ठेवून घासणे यांस सक्त मनाई करावी.

वर्गात परतल्यावर प्रत्येकाने तीन सदरांत टिपण लिहावे. मग मुलांनी टिपणांची अदलाबदल करावी आणि दुसऱ्याच्या ‘पाहिले’ या सदरात ‘वाटले’ शिरले आहे काय ते शोधावे. या खेळात मुले फार रमतात, आणि एकदा ही दृष्टी आली की वर्तमानपत्र वाचतानाही ती त्यांच्या कामी येते.

हल्ली बहुतेकांच्या खिशात मोबाईल असतो व छायाचित्र काढणे सोपे झाले आहे. छायाचित्र अवश्य काढावे. परंतु विषय, ठिकाण, दिनांक व माणसाचे नाव यांवाचून ठेवलेली पाचशे छायाचित्रे म्हणजे नाव न लिहिलेल्या पाचशे पुड्याच. साधन बदलले तरी कीर्द व खतावणी सुटत नाही.

समारोप

अंबरनाथचा शिलालेख दगडात होता, म्हणून तो आठशे वर्षे वाट पाहू शकला. चुकीचे वाचन झाले तरी पुन्हा वाचण्यास तो जागेवर होता. गावातील वृद्धांच्या स्मरणातील लेख असा थांबत नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेली व १९४९ साली उल्हासनगर वसताना पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. जाते ओढताना ओवी म्हटलेल्या आज्याही थोड्याच आहेत. त्यांच्याकडील माहिती पुन्हा तपासण्यास कोणी भगवानलाल पुढे येईलही. पण तपासण्यासाठी आधी काही लिहिलेले असले पाहिजे. ते लिहिणारा, खेड्यात राहणारा, सर्वांच्या ओळखीचा व विश्वासाचा मनुष्य शाळेतील शिक्षकच आहे.

स्वाध्याय

१. गावातील एका वृद्ध व्यक्तीस भेटून एकाच विषयावर माहिती घ्यावी व ती ‘पाहिले, ऐकले, वाटले’ या तीन सदरांत लिहावी.
२. आपल्या जुन्या टिपणवहीतील दहा नोंदी काढून प्रत्येकीची स्वतंत्र चिठ्ठी करावी. ज्या नोंदीचे ठिकाण, वर्ष किंवा सांगणाऱ्याचे नाव आता आठवत नाही, त्या वेगळ्या काढून मोजाव्यात.
३. आपल्या गावाच्या नावाविषयी किती निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात त्या सर्व टिपाव्यात. त्यांपैकी कोणती खरी, हे इतक्यात ठरवू नये.